पोर्तुगीजचा पहिला धडा : नेट गेलंय

परकी भाषा शिकवणारं कुठलंही छोटं पुस्तक उघडा. पहिल्या पानावर नमस्कार आणि नाव-गाव, मग विमानतळ, मग हॉटेलातली खोली, शेवटी ‘बिल आणा’. चार दिवस फिरायला जाणाऱ्याला एवढं पुरतं. पण ठाण्या-डोंबिवलीतून उठून जी मुलं शिकायला किंवा नोकरीला पोर्तुगालमध्ये जातात, ती हॉटेलात राहत नाहीत. ती घर भाड्याने घेतात, विजेचं आणि इंटरनेटचं कनेक्शन स्वतःच्या नावावर करतात, आणि नेट बंद पडलं की कंपनीला फोन लावून बसतात. त्या फोनवर काय बोलायचं, याचं एकही वाक्य त्या पुस्तकात सापडत नाही.

माझी भाची उत्तर पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात राहते आणि घरूनच काम करते. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात तिचं नेट गेलं. कंपनीच्या फोनवर इंग्रजी बोलणारा माणूस मिळेपर्यंत तिला बराच वेळ ताटकळावं लागलं, आणि मिळाला तोही दोन वाक्यांनंतर पोर्तुगीजवर घसरला. रात्री तिचा मला फोन. “मावशी, मला भाषेचा कोर्स नकोय. मला फक्त ‘नेट कालपासून बंद आहे, माणूस कधी पाठवताय’ एवढंच नीट बोलता आलं पाहिजे.” मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. तिची मागणी मला अगदी रास्त वाटली. ती तिकडे, मी इकडे डोंबिवलीत, असा आमचा अभ्यास सुरू झाला. त्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगते : मराठी माणसाने पोर्तुगीज शिकायची तर इंग्रजीच्या दारातून आत जाऊ नये, थेट मराठीतून जावं. आणि सुरुवात करावी ती घरात बिघडलेल्या वस्तूपासून.

बिघाड सांगायची कला आपल्या भागाला शिकवावी लागत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि रोज सकाळी मुंबईकडे जाणारी डोंबिवली घरात बसून काम करू लागली. तोवर नेट म्हणजे मुलांचा खेळ आणि आजोबांचं यूट्यूब होतं, तेव्हापासून ते घरातल्या मिळकतीचं साधन झालं. जुन्या सोसायट्यांच्या गच्चीवरून समोरच्या गच्चीवर काळ्या केबली गेलेल्या, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर वेटोळी अडकवलेली. काँक्रिटीकरणासाठी रस्ता खणला की कुठेतरी केबल तुटणार, मोठा पाऊस झाला की एखादा बॉक्स पाण्यात जाणार, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्यामुळे इथली गृहिणीसुद्धा फोनवर सगळं मुद्देसूद सांगते : “दादा, सकाळपासून नेट नाहीये. लाल लाइट पेटलीय. राउटर बंद करून चालू केला, काही फरक नाही. शेजारच्यांचंही गेलंय. कधी येताय?”

या पाच वाक्यांकडे जरा नीट पाहा. काय झालं, कधीपासून, खूण कोणती, आपण काय करून पाहिलं, समोरच्याकडून काय हवंय. जगातल्या कुठल्याही भाषेत तक्रार द्यायची झाली तर याहून जास्त काही लागत नाही. आमच्या भागात कनेक्शन जोडणारा एक मुलगा मला म्हणाला, “काकू, लोकांनी ‘लाल लाइट’ एवढं सांगितलं तरी माझं अर्धं काम होतं.” खरंच आहे ते. फायबरच्या डब्यावर एलओएस अशी तीन अक्षरं असतात. त्याखालचा दिवा लाल झाला म्हणजे तारेतून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. तार तुटलीय, नाहीतर फार वाकलीय. ही तार काचेची असते. आवरणासकट तिची जाडी १२५ मायक्रॉन, आणि त्यातून प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. कपाट सरकवताना ती भिंतीशी दाबली गेली तरी प्रकाश गळतो. लाल दिवा नसेल आणि तरी नेट रडत असेल, तर दुखणं बहुधा घरातल्या वायफायचं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये काँक्रीटच्या भिंती, ब्रागामध्ये जुन्या घरांच्या जाडजूड ग्रॅनाइटच्या. राउटर दिवाणखान्यात आणि काम आतल्या खोलीत, ही रड दोन्हीकडे सारखीच. डबाही तसाच, दिवेही तेच. बदलायची ती फक्त वाक्यं.

तेव्हा पहिलं वाक्य. ‘श्तो सैं इंतरनॅत देज्द ओंतैं.’ मी कालपासून इंटरनेटविना आहे. युरोपातली पोर्तुगीज असा सुरुवातीचा हलका ‘ए’ गिळून टाकते, म्हणून लिहिताना ‘एश्तो’ असलं तरी कानावर ‘श्तो’ पडतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याची इथे हटकून चूक होते. इंग्रजीत ‘कालपासून’ म्हटलं की क्रियापद बदलावं लागतं, आणि तो ते बदललेलं रूप पोर्तुगीजमध्ये शोधत बसतो. पोर्तुगीजमध्ये साधा वर्तमानकाळ चालतो. मराठीतही तसंच आहे. ‘कालपासून नेट नाही’ म्हणताना आपण काळाचा कसलाही खटाटोप करत नाही. भाचीला मी म्हटलं, “तू मराठीत विचार कर आणि शब्द तेवढे बदल.” वाक्य पहिल्याच झटक्यात बरोबर आलं.

याहून मोठी गंमत ‘आहे’ या क्रियापदाची. पोर्तुगीजमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘श्तार’, आणि इंग्रजीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना या जोडीने पिढ्यान् पिढ्या छळलं आहे. कारण इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. तक्रारीत मात्र हा फरक पैशांचा असतो. ‘अ इंतरनॅत श्ता लेंत’ म्हणजे आत्ता नेट मंद झालंय, काहीतरी बिघाड आहे, बघा. ‘अ इंतरनॅत ए लेंत’ म्हणजे हे नेटच मंद, त्याचा स्वभावच तो. दुसरं वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस बिघाड नोंदवण्याऐवजी महागडा प्लॅन विकायला लागला, तर त्याला दोष देता येणार नाही. मराठी माणसाला हा भेद मुळात ठाऊक असतो. ‘नेट स्लो आहे’ आणि ‘नेट स्लो असतं’ यांतलं अंतर डोंबिवलीत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. दोन भाषांतल्या जोड्या हुबेहूब जुळत नाहीत, पोर्तुगीज ‘सेर’चा पसारा आपल्या ‘असतं’पेक्षा पुष्कळ मोठा आहे. पण पाय ठेवायला पहिली पायरी आपल्याकडे आहे, आणि ती इंग्रजीकडे नाही.

तिसरी गोष्ट लिंगाची. ‘मी फोन करतो’ आणि ‘मी फोन करते’ यात बोलणारा पुरुष की बाई हे आपण सांगतोच. पोर्तुगीजमध्ये क्रियापद गप्प राहतं, पण आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो आणि बाई ‘ओब्रिगाद’. वस्तूंनाही लिंग असतं. तिकडे इंटरनेट स्त्रीलिंगी, राउटर पुल्लिंगी. आपण ‘ते नेट’ म्हणतो. पण कुठल्याही शब्दाला लिंग असायचंच, हे मराठी मनाला नवं नाही. आदराचंही तसंच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. तिकडे घरच्यांशी ‘तू’ (हो, उच्चारही अगदी हाच) आणि कंपनीच्या माणसाशी ‘उ सिन्योर’ किंवा ‘अ सिन्योर’, म्हणजे थेट साहेब किंवा बाईसाहेब म्हणून तृतीयपुरुषी क्रियापद. ‘साहेब जरा बघतात का’ अशा वळणाचं ते बोलणं. विनंती करताना क्रियापद भूतकाळाकडे झुकवलं की ती मऊ होते. ‘पुदीअ फलार माइश द्व्हगार?’ जरा सावकाश बोलाल का? नव्याने शिकणाऱ्याला हे वाक्य बाकी सगळ्यांच्या आधी पाठ हवं. त्याच्या जोडीला ‘नांउ पर्सेबी’, मला कळलं नाही. ही दोन वाक्यं न लाजता म्हणणारा माणूस पुढची वीस वाक्यं फोनवरच शिकतो.

उरलेली लवकर संपतात. नेट गेलं : ‘अ इंतरनॅत कायू’, शब्दशः ‘पडलं’. लाल दिवा लुकलुकतोय : ‘अ लूझ व्हर्मेल्य श्ता अ पिश्कार’. मी बंद करून पुन्हा चालू केलं : ‘झा दिझलिगेइ इ व्होल्तेइ अ लिगार’. हे न सांगितलं तर तो आपल्याला तेच करायला लावणार, म्हणून आधीच सांगून मोकळं व्हावं. माणूस कधी येतोय : ‘क्वांदु व्हैं उ तॅक्निकु?’ आणि फोन ठेवण्याआधी, विसरू नये असं : ‘क्वाल ए उ नुमेरु द रक्लमसांउ?’ तक्रारीचा नंबर काय?

लाल दिव्याच्या वाक्यातला ‘लूझ’ (एकटा आला की ‘लूश’) म्हणजे दिवा, उजेड. पोर्तुगीज माणूस विजेलाही हाच शब्द वापरतो. वीज गेली की ‘श्तामुश सैं लूश’, आम्ही उजेडाविना आहोत. आपण तरी काय म्हणतो? ‘लाइट गेली.’ २८ एप्रिल २०२५ ला जवळपास सगळ्या स्पेन-पोर्तुगालची लाइट गेली. लिस्बनच्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते. दोन्ही देशांचं वीजजाळं एका झटक्यात कोसळलं, मेट्रो थांबल्या, सिग्नल विझले, आणि थोड्याच वेळात मोबाइलची रेंज आणि नेटही जाऊ लागलं. पोर्तुगालमध्ये वीज पूर्ववत व्हायला रात्र झाली. भाचीचा फोन लागेना तेव्हा आम्हा सगळ्यांना आठवला तो आपला १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. कोविडचा काळ. माणसं घरून काम करत होती, मुलांच्या शाळा मोबाइलवर भरत होत्या. कळव्याचं वीज उपकेंद्र ठाण्याच्या खाडीपलीकडे, रोज गाडीतून दिसणाऱ्या परिसरात आहे. त्या दिवसापर्यंत त्याचा विचार किती जणांनी केला असेल? बत्ती गेली आणि नेट गेलं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि फोन करताना त्या वेगळ्या सांगाव्या लागतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. म्हणून भाचीच्या वहीत मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला लावली.

आता थोडं मागे जायला हवं, कारण ठाणे-कल्याणला पोर्तुगीज भाषा काही आज भेटत नाहीये. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि ठाणंही त्यांच्याकडे गेलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. दोनशे वर्षं. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला बांधायला त्यांनीच घेतला होता. या दोनशे वर्षांतला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा प्रसंग मात्र कल्याणचा आहे, आणि त्यात लढाई नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत आरमाराची बांधणी सुरू केली. जहाजं बांधण्यातलं कसब पोर्तुगीजांकडे होतं. १६५९ मध्ये रुय लैतांउ व्हिएगश हा पोर्तुगीज आपल्या माणसांसह महाराजांच्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना याची धास्ती वाटली. त्यांनी निरोप पाठवून या मंडळींना फोडलं आणि ते काम अर्धवट टाकून निघून गेले. काम थांबलं नाही, इथल्या हातांनी ते पुढे नेलं.

त्या खाडीकाठी मराठी सुतार आणि पोर्तुगीज मिस्त्री एकमेकांशी कसे बोलले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. फळी कुठे बसत नाहीये, खिळा कोणता, पाणी कुठून झिरपतंय, हे व्याकरणाचं पुस्तक उघडून कुणी बोललं नसणार. बिघाड दाखवायचा, शब्द उचलायचा आणि पुढच्या वेळी तोच वापरायचा. पोर्तुगीज आपल्या भाषेत शिरली ती अशाच वाटांनी. मेस्त्री, चावी, बादली, पिंप, परात, घमेलं, बिजागरी, पगार, लिलाव, पाव, बटाटा, काजू. घर, कारखाना, बाजार यांतलेच शब्द आहेत हे. गोव्याचे भाषापंडित सेबाश्तियांउ रोदोल्फु दाल्गादु यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. तो चाळताना पानोपानी हाच संसार दिसतो. राउटरच्या तळाशी पासवर्ड छापलेला असतो, त्यावर पोर्तुगालमध्ये बऱ्याचदा ‘शाव्ह’ हा शब्द असतो, म्हणजे चावी. आज तिकडे ‘श’ ऐकू येतो. सोळाव्या शतकात त्या अक्षराचा उच्चार ‘च’ होता, आणि तो जुना ‘च’ आपण जपून ठेवला आहे. बिल भरायचं म्हटलं की ‘पगार’ कानावर पडतं, कारण तिकडे ते ‘पैसे देणे’ या अर्थाचं क्रियापद आहे. ‘झा पगेइ’, मी भरलं, हे वाक्य भाचीला एकदाच सांगावं लागलं.

उलट दिशेचं एक उदाहरण आपल्याला लाज वाटावी असं आहे. १७७८ मध्ये रोममध्ये ‘ग्रामातिका मराष्टा’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. मराठीचं व्याकरण, लिहिलेलं पोर्तुगीजमध्ये. विल्यम केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं ते १८०५ मध्ये, म्हणजे त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. पोर्तुगीज जाणणाऱ्या माणसाला मराठी थेट शिकता यावी म्हणून अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी कष्ट घेतले होते. आज मराठी जाणणाऱ्याला पोर्तुगीज थेट शिकायची असेल तर? गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत पोर्तुगीज सरकारच्या कामॉइश संस्थेचं केंद्र आहे. आमच्या डोंबिवलीत माझ्या हाती जे साहित्य लागलं ते सगळं इंग्रजीतून शिकवणारं. आणि इंग्रजी मधे आली की वर सांगितलेल्या आपल्या सगळ्या सवलती वाया जातात.

सवलती आहेत तसे खड्डेही आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा वारांचा. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे ‘सिगुंद फैर’, अर्थ दुसरा वार. मोजणी रविवारपासून. मंगळवार तिसरा, गुरुवार पाचवा. आपण सोमवार पहिला धरतो. माणूस ‘किंत’ला, पाचव्या वारी येतो म्हणाला की आपलं मन शुक्रवार धरतं आणि तो गुरुवारी येऊन बंद दाराला टकटक करून परत जातो. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात सांगतात, आणि सांगतात तो तासांचा पट्टा, नऊ ते तेरा. तेवढा वेळ घरी राहायचं. हे सगळं आपल्याकडच्या ‘येतो, तासाभरात येतो’पेक्षा सुसह्य आहे, असं भाचीचं मत. मला ते पटतं.

दुसरा खड्डा ब्राझीलचा. मोबाइलवर फुकट शिकवणारी बरीचशी साधनं ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात, कारण ती बोलणारे कितीतरी पट जास्त. तिथे नेटला ‘इंतेर्नेची’ म्हणतात, राउटरला ‘होतेआदोर’, मोबाइलला ‘सेलुलार’. पोर्तुगालमध्ये मोबाइल म्हणजे ‘तेलेमॉव्हेल’. आणखी एक : ब्राझीलचा माणूस फोन नंबर सांगताना सहाला ‘मेय’ म्हणतो, म्हणजे अर्धा, अर्ध्या डझनावरून. हे ठाऊक नसेल तर तक्रारीचा नंबर चुकीचा उतरवला जाणार. ज्या देशात जायचं तिथलीच बोली ऐकावी. दोन्ही एकदम शिकण्याच्या भानगडीत पडू नये.

भाषा आली की हक्कही हाती येतात, आणि माझ्या लेखी हेच या शिकण्याचं मोल. पोर्तुगालच्या २०२२ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाचा दोष नसताना सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली, तर तेवढ्या काळाचे पैसे बिलातून वजा व्हायला हवेत. म्हणून ‘देज्द ओंतैं’, कालपासून, हे दोन शब्द स्पष्ट उच्चारायचे आणि तक्रारीचा नंबर घ्यायचा. करारात बांधून ठेवण्याची कमाल मुदत चोवीस महिने. सही करण्याआधी ती विचारायची. ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या दुकानांना आणि कंपन्यांना तक्रारवही ठेवावी लागते, ‘लिव्हरु द रक्लमसोंइश’, आणि ती आता ऑनलाइनही भरता येते. दूरसंचारातल्या तक्रारी अनाकोम या नियामक संस्थेपर्यंत जातात. ‘मला तक्रारवही हवी आहे’ हे वाक्य शांतपणे, आवाज न चढवता म्हणता आलं की परदेशातल्या एकट्या मुलीचा आवाजही नीट ऐकला जातो. भाचीने ते अजून कुठे वापरलेलं नाही, पण पाठ केलं आहे.

गोव्यातल्या अनेक कुटुंबांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा वारसा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. ठाणे-कल्याणच्या मुलांना तो नाही. ती आपल्या शिक्षणावर जातात आणि सगळं नव्याने शोधतात. त्यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका व्हायला हवी, मराठीतून पोर्तुगीज शिकवणारी, आणि तिची प्रकरणं अशी असावीत : नेट गेलं, लाइट गेली, नळ गळतोय, हीटर चालत नाही, घरमालक अनामत परत देत नाही, दवाखान्यात वेळ हवी. विद्यापीठांच्या भाषा विभागांनी, नाहीतर तिकडे आधी स्थिरावलेल्या मराठी मंडळींनी हे मनावर घ्यावं. तोवर ज्यांच्या घरातलं कुणी पोर्तुगालला निघालं आहे त्यांनी या लेखातली वाक्यं वहीत उतरवून द्यावीत, आणि जायच्या आधी त्या मुलाकडून किंवा मुलीकडून ती मोठ्याने म्हणवून घ्यावीत. उच्चार ऐकून पडताळायचे असतील तर पोर्तुगालच्या सरकारी आकाशवाणीच्या बातम्या इंटरनेटवर फुकट ऐकता येतात.